मावशीच्या गावातले पाच दिवस

२३ जानेवारी

यंदा २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या मिळत होत्या म्हणून लेकीला घेऊन मावशीकडे जायचं ठरवलं, ती आता दहा वर्षांची झाली आणि गावाला म्हणून सलग चार दिवस कधी राहिलेलीच नाही हे मला बरेच दिवस खुपत होतं. मावशीचं गाव पारनेर तालुक्यात, नाव लिहित नाही कारण घरातल्या गोष्टी लिहिणारे. पुण्याहून दुपारची एसटी धरली, बायकांना अर्धं तिकीट आणि लेकीचं पण अर्धंच, शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो (आता अहिल्यानगर, पण गाडीत सगळे नगरच म्हणत होते) आणि तिथून पुढे हवा कोरडी होत जाते ती अगदी जाणवते. सुप्याला उतरलो तेव्हा साडेसहा झाले होते.

सुप्यातून गावात जायला दिवसा काळीपिवळी मिळते पण अंधार पडल्यावर एकच भरवसा, मुक्कामाची गाडी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, ही एसटी रात्री शेवटच्या गावाला जाते, ड्रायव्हर कंडक्टर तिथेच झोपतात आणि सकाळी तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघते. पावणेआठला आली. आत एमआयडीसीतून सुटलेली पोरं, दवाखान्यातून परत निघालेली एक म्हातारी आणि तिची सून, दोन पोती पेंड आणि आम्ही. कंडक्टर जवळपास प्रत्येकाला नावाने ओळखत होते, माझ्याकडे बघून म्हणाले तुम्ही कुणाकडं? मावशीचं नाव सांगितल्यावर "मग देवळापाशी उतरा, पुढं स्टँडला गेला तर मागं चालत यावं लागंल" असं स्वतःहून सांगितलं.

मावशी दारातच उभी होती. "अगं किती वाळलीस, आन् ही केवढी झाली!" हे झालं, गूळ-पाणी झालं, चुलीवर शेंगोळी शिजत होती. कुळथाच्या पिठाची शेंगोळी थंडीत खावी तर याच भागात. घरात मावशी, काका, दादा, वहिनी आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. पण दादा घरात नव्हता. "लाईट रात्रीची हाये ना ह्या आठवड्याला, दहाला येती, त्यो मळ्यात गेलाय" मावशी म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक कॅलेंडर लावलंय, मी त्याचा फोटोच काढून ठेवला. प्रत्येक तारखेच्या चौकोनात मावशीचं बारीक अक्षर. वर सकाळचं आणि संध्याकाळचं दूध किती लिटर गेलं ते, खाली कुठे "न" कुठे "रा" कुठे "दि", महिन्यात एकदा गोल करून "सि". न म्हणजे नळ येण्याचा दिवस, रा म्हणजे थ्री फेज लाईट (शेतीच्या मोटरीला लागते ती) रात्री, दि म्हणजे दिवसा, सि म्हणजे सिलिंडर लावला तो दिवस. मावशी चौथी शिकलीये. मला कोणी विचारलं असतं की गावात काय काय आहे तर मी सांगितलं असतं नळ आहे, लाईट आहे, गॅस आहे, शाळा, डेअरी, आरोग्य उपकेंद्र, एसटी, सगळं आहे. आणि ते खरंच आहे. पण मावशीचा दिवस ते आहे की नाही यावर चालत नाही, ते कितीला येतं यावर चालतो, आणि तिचं अख्खं कॅलेंडर त्या वेळांनी भरलेलं आहे.

जेवून आम्ही अंथरुणात शिरलो तरी वहिनी बसलेलीच. म्हटलं झोपत का नाही, तर म्हणाली "बिबट्या फिरतोय ना ओढ्याच्या बाजूनं, परवा वस्तीवरची शेळी नेली." दादा बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून वाफ्यात उभा असतो, दर तासाला फोन करतो, एक रिंग देऊन कट. एक रिंग आली की ती डोळा मिटते तासभर. लाईट दहाला येते सकाळी सहाला जाते, तेवढ्या वेळात गहू भिजवायचा आणि उद्याच्या लागवडीचे कांद्याचे वाफे पण. पाण्याची मोटर मोबाईलवरून चालू करायचा स्टार्टर आहे त्यांच्याकडे, घरबसल्या मोटर सुरू होते, पण बारे मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात फिरवायला माणूस अंधारात उभाच लागतो ना. दोन वाजता रिंग यायला दहा मिनिटं उशीर झाला तेव्हा वहिनीने पायात चपला घातल्या होत्या. मग आली रिंग.

शेतकऱ्यांना दिवसा लाईट द्या ही मागणी आपण पुण्यात बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. मी पण सोडून देत होते.

२४ जानेवारी

पहाटे चारला मावशीने हलवलं नाही पण तिच्या हंड्यांच्या आवाजाने जाग आली. आज कॅलेंडरवर "न" होता. गावाला दोन दिवसाआड पाणी येतं. मी स्वेटर घालून बाहेर गेले तर अख्खी गल्ली जागी, प्रत्येक दारात बल्ब आणि नळाला पाईप. पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं ते झाडांना, मग पिंपं, मग वरची टाकी, सगळ्यात शेवटी प्यायचं कापडाने गाळून. थंडी इतकी की मावशीची बोटं लाल झालेली आणि काका म्हणतात मी भरतो तर त्यांना भरू देत नाही, "तुम्हाला दम लागतो, बसा."

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं तेव्हापासून ठरलेलं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. घरात पाच माणसं म्हणजे रोज २७५ आणि तीन दिवसांचं धरलं तर ८२५ लिटर. मावशीची टाकी ५०० ची आणि दोन पिंपं दोनशे दोनशेची, तासाभरात ९०० लिटर भरलं. म्हणजे हिशेबाने पाणी पुरतं! मला खरंच बरं वाटलं, कारण माझ्या लहानपणी हीच मावशी डोक्यावर हंडा घेऊन आडावर जायची आणि उन्हाळ्यात टँकरमागे पळायची. गायींचं पाणी वेगळं, ते मळ्यातल्या विहिरीचं, एक जर्शी गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज पिते आणि अशा तीन गायी आहेत.

पण चारलाच का? तर पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर शेतीच्याच थ्री फेज लाईनवर आहे. रात्री दहाला लाईट आली की मोटर चालू, साडेतीनपर्यंत गावची टाकी भरते, चारला गावठाणाचा व्हॉल्व्ह खोलतात. टाकी लहान आहे, ती रिकामी झाली की परत भरायची आणि मग साडेपाचच्या पुढे खालच्या वाडीला सोडायचं, आणि सहाला लाईट गेली की संपलं. दिवसाची पाळी असली की हेच सगळं दुपारी होतं, तेव्हा बायका रानात असतात आणि घरी म्हातारी माणसं नळ धरतात. हे मला पाणी सोडणाऱ्या मुलाने समजावलं, तो पण रात्रभर जागाच असतो.

सहा वाजता गायींच्या धारा, सव्वासहाला दादा चिखलाने गुडघ्यापर्यंत भरून आला आणि चहा पिऊन तसाच झोपला, सातला मी काकांबरोबर डेअरीवर गेले. इथे लेक फार रमली. दूध ओतलं की नमुना काढून मशीनला लावतात, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आकड्यात दिसतात, लगेच चिठ्ठी निघते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे गायीच्या दुधाच्या दराचं मूळ माप, त्याच्या खाली पॉईंट गेला की पैसे कापतात. आमचं ३.७ लागलं तर काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बिल दर दहा दिवसांनी थेट खात्यावर. कांद्याचा भाव काय होईल ते देवाला ठाऊक पण दर दहा दिवसांचं दुधाचं बिल आहे म्हणून घर चालतं, किराणा, दवाखाना, पोराची फी सगळं त्याच्यावर, हे काकांनी मला तीन वेळा सांगितलं.

नऊपासून कांद्याची लागवड. हा गावरान कांदा, जानेवारीत लावायचा, एप्रिल मेमध्ये काढायचा आणि चाळीत भरून पुढे चार पाच महिने भाव बघत बसायचं. शेजारच्या गावातून बायकांची टोळी आली होती पिकअपमधून, उक्तं काम, एकरावर ठरलेलं. दादाने रात्री भिजवून ठेवलेल्या वाफ्यात बसून बोटाने भोक आणि रोप, भोक आणि रोप, हात इतके भरभर चालतात की माझं एक होईपर्यंत त्यांची आठ दहा व्हायची. मी एक वाफा लावला. संध्याकाळी कंबर सरळ होत नव्हती, त्या बायका रोज दोन महिने हे करतात आणि घरी जाऊन भाकरी थापतात. टोळीतली एक जण म्हणाली "ताई आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येतो आन् बरोब्बर कामावं निघायच्या टायमाला, मग एकीला मागं ऱ्हावं लागतं, तिचा रोज बुडतो." पाण्याच्या वेळेचे असे रोख पैसे मोजावे लागतात हे मी कुठे वाचलं नव्हतं.

दुपारी ज्वारीच्या कडेला बसून जेवलो. मालदांडी ज्वारी आता निसवून दाणा भरतेय, काही कणसं हुरड्याला आलीत, काकांनी गोवऱ्यांवर भाजून दिली, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. लेकीने विचारलं हे फुकट असतं का, काका हसले आणि म्हणाले तुला फुकट.

२५ जानेवारी

आज दादा म्हणाला चल तुला हिवरेबाजार दाखवून आणतो. रात्रभर पाणी धरलेला माणूस, मी नको म्हणत होते तरी दहाला उठून गाडीला किक मारून तयार. बाईकवर तिघं, भाळवणीच्या बाजूने तासाभराचा रस्ता.

हिवरेबाजारबद्दल खूप जणांनी लिहिलंय म्हणून सगळं परत सांगत नाही, पण मला जे पोचलं ते सांगते. आमच्या मावशीच्या गावासारखाच पाऊस, वर्षाला सरासरी ४०० मिमीच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव उजाड होत गेलं, लोक बाहेर पडले, १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेत गाव आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री. डोंगरावर समतल चर खोदले, पाणी अडवलं, झाडं लावली. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, २०१० पर्यंत ती तीनवर आली. दूध दिवसाला दीडशे लिटर निघायचं ते चार हजारापर्यंत गेलं. पोपटरावांना पद्मश्री २०२० ची. हे सगळं ऐकून होते.

बघितल्यावर वेगळंच काहीतरी मनात बसलं. गावात शिरताना डोंगर दिसतो तो जानेवारीत सुद्धा नुसता पिवळा नाही, झाडी आहे त्याच्यावर, आणि गवत कापून नेऊ देतात पण जनावर सोडू देत नाहीत. रस्ते स्वच्छ, गटार उघडं दिसलं नाही. पण खरी गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची. दरवर्षी पाऊस मोजतात, पाणी किती मुरलं किती आहे याचा हिशेब मांडतात, त्यात आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं बाजूला काढतात आणि उरलेल्यात कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला तर पीक कमी. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस आणि केळी घ्यायची नाही. दादा पारावर बसलेल्या एका आजोबांना म्हणाला "बाबा, लोक ऐकत्यात का पण?" ते म्हणाले "पयल्यांदा नव्हते ऐकत. मंग विहिरीला पाणी दिसलं."

येताना दादा बराच वेळ गप्प होता. मग बाईकवरून मागे ओरडून म्हणाला, आपल्या शिवारात बोअर किती झाले माहितीये का, माझे स्वतःचेच तीन, दोन कोरडे गेले. एका बोअरला सहाशे फूट नेलं त्याने. ते कर्ज अजून फिटायचंय.

मला वाटतं हिवरेबाजारला आणि मावशीच्या गावाला सोयी सारख्याच असतील जवळपास, शाळा इकडे पण आहे तिकडे पण. फरक एवढा की तिथे पाणी कधी आणि कुणाला हे गाव एकत्र बसून ठरवतं आणि आमच्याकडे ते रात्री दहाला येणारी लाईट ठरवते.

संध्याकाळी मावशीने मासवड्या केल्या होत्या. त्याच्यासाठी दोन तास खपली. दादा जेवून परत मळ्यात.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन झेडपीच्या शाळेत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, भिंतींवर बाराखडी आणि पाढे रंगवलेले, एका वर्गात मोठा टीव्ही आहे त्याच्यावर धडे दाखवतात. पोरांनी लेझीम केलं, दादाच्या मुलाने भाषण केलं, तीन वाक्यं झाल्यावर विसरला तर समोर बसलेल्या सगळ्या आयांनी एका सुरात पुढचं वाक्य सांगितलं. पाचवीपासून पोरी दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जातात, एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे त्यांना, पण त्यांची सगळी शाळा मुक्कामाच्या गाडीच्या वेळेवर, सव्वासहाला गाडी आणि शाळा भरते साडेदहाला, मधले चार तास पोरी शाळेच्या ओट्यावर बसून अभ्यास करतात. दुसरी गाडी थेट अकराला. हे ऐकून मला काय बोलावं कळेना, त्या पोरी मात्र हसत सांगत होत्या.

मग ग्रामसभा. मी म्हटलं मी बाहेरची, तर सरपंचबाई म्हणाल्या बसा की ताई, ऐकायला काय हरकत आहे. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल तेवढे लागतात कोरमला, झेंडावंदनाला आलेले तसेच थांबले म्हणून भरला. घरकुलाची यादी वाचली, रोजगार हमीच्या विहिरी, बिबट्यासाठी पिंजरा लावायचा अर्ज, स्मशानभूमीचा रस्ता. पुरुष मंडळी स्मशानभूमीच्या रस्त्यावर पाऊण तास बोलली. मग खालच्या वाडीतली एक बाई उठली, कडेवर पोर होतं, आवाज थरथरत होता पण बोलली. "गावठाणाला चारला पाणी येतं, आमाला त्याच्या मागून, आन् सहाला लाईट गेली की आमचा नळ बंद. आमचं दर बारीला निम्मंच भरतं. माझ्या दारात एकदा तरी पिंप भरून वाहू द्या."

सगळे गप्प. गावठाणातल्या एक दोघांनी टाकी लहान आहे, लाईनचा प्रॉब्लेम आहे वगैरे सुरू केलं. तेवढ्यात मावशी उठली. मी तिला चार माणसांत बोलताना कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली "मंग आलटून पालटून सोडा. एक बारी त्यांला चारला, एक बारी आमाला. आमचं निम्मं भरलं तर भरलं, तीन दिस काढू की." मागच्या रांगेतून कोणीतरी बाई म्हणाली हां बरोबर हाय. पाणी सोडणाऱ्या मुलाला विचारलं जमतं का, तो म्हणाला व्हॉल्व्ह फिरवायचा फक्त, जमतं. सरपंचबाईंनी ठराव लिहायला सांगितला, सोबत पाण्याच्या मोटरला सोलर पंप बसवायचा प्रस्ताव पाठवायचं पण ठरलं, म्हणजे लाईटची वाट बघायला नको. सूचक म्हणून त्या वाडीतल्या बाईचं नाव आणि अनुमोदक म्हणून मावशीचं. मावशीने सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

घरी आल्यावर काका म्हणाले "आता तुझं तू बघ, पाणी कमी आलं तर." ती म्हणाली "बघन." आणि कॅलेंडरवर २७ च्या चौकोनात "न" होता त्याच्यापुढे तिने "५||" लिहिलं, म्हणजे साडेपाच.

बाकी दिवस असाच गेला. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे काकांचं बीपी तपासून आणलं, गोळ्या तिथेच मिळतात फुकट. किराणा दुकानात क्यूआर कोड लावलाय पण रेंज फक्त दुकानाच्या पायरीवर येते म्हणून सगळे पायरीवर उभं राहून पैसे पाठवतात. गिरणीतून ज्वारी दळून आणली मला न्यायला.

२७ जानेवारी

पाचला उठलो, मावशी त्याच्या आधीच उठलेली. बंबात पाणी तापवलं होतं, भाकरी आणि खर्डा बांधून दिला, पिठाची पिशवी, एक पिशवी हुरड्याची कणसं, लेकीला दोन गोवऱ्या पाहिजे होत्या त्या पण. चारला गल्ली शांत होती, खालच्या वाडीकडे बल्ब दिसत होते एका ओळीत.

पावणेसहाला आमच्या गल्लीत नळ आला. मावशी माझ्या हातात पिशवी देता देता थांबली आणि पाईपकडे पळाली, कारण सहाला लाईट जाणार, पंधरा मिनिटं. तिने मागे वळून "जा गं, पोचली की फोन कर" एवढंच म्हटलं, लेक जाऊन तिला पाठीमागून बिलगली तर एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने पाईप. दादा मळ्यातून आला नव्हता. काका आम्हाला देवळापर्यंत सोडायला आले.

मुक्कामाची गाडी सुरू करून ठेवली होती, ड्रायव्हर देवळाच्या नळावर तोंड धुत होते. पाच सहा पोरी दप्तरं घेऊन आत बसलेल्या, त्यातली एक पुस्तक काढून मोबाईलच्या बॅटरीत वाचत होती. सव्वासहाला गाडी निघाली. सुप्याच्या अलीकडे रेंज आली तेव्हा वहिनीचा मेसेज आला होता.

"हे आले घरी. दीड पिंप भरलं."